ओल्या रंगातलं नाव

दीक्षा गेल्याचा फोन आला, तेव्हा तिनं काढलेलं चित्र ओलंच होतं.

ऐकीव गोष्ट नाही ही. गुहागरला गेल्या मार्चमध्ये घडली. ते घर आजही तिथंच आहे.

सफेद रंग संपला म्हणून दीक्षा स्कूटीवरून चिपळूणला निघाली होती. वळणावर स्कूटी घसरली... तिथंच संपलं.

मागे राहिला नवरा राकेश, लहानगी आरोही आणि स्टँडवर आरोहीचं तैलचित्र.

"मम्मी, माझं नाक सुजलंय यात!"

"हलू नको गं. हललीस की असंच होणार!"

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

चित्र पुरं झालं की दीक्षा ओल्या रंगातच ब्रशच्या दांड्यानं सही कोरायची. "सुकल्यावरची सही नुसती वर बसते, ओल्यातली आत जाते," म्हणायची.

या चित्रावर सही नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या दिवसकार्याच्या सकाळी राकेशनं ब्रश उचलला.

दीक्षाची सासू सुंदराबाई दारातूनच ओरडल्या, "नको रे बाबा! तिचा काम पुरा झाला नाय. सही तिची नि हात तुझा?"

"आई, तिचंच नाव घालतोय."

त्यांच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लावतात. पत्रिकेवर, बॅनरवर, सगळीकडे तेच छापलं होतं. राकेशच्या हातूनही तेच उमटलं...

कालकथित दीक्षा.

कार्यक्रम झाला. माणसं पांगली. भर दुपारी घर गप्प झालं. माडावरचे कावळेही गप्प...

टक... टक... टक...

ब्रश धुताना दीक्षा तो टर्पेंटाइनच्या डब्यावर आपटायची. तोच आवाज.

राकेश आत धावला.

स्टँडपाशी कोणी नव्हतं. डब्यातलं टर्पेंटाइन मात्र हलत होतं...

चित्रातल्या आरोहीचे उघडे डोळे आता मिटलेले होते.

खाली ‘दीक्षा’ अंगठ्यानं पुसलं होतं. आधीचा शब्द तसाच. त्यापुढे नवं नाव कोरलेलं... अक्षर दीक्षाचं.

कालकथित आरोही.

"पप्पा..."

आरोही मागे स्टुलावर बसली होती. ताठ.

"मम्मी म्हणाली, आता अजिबात हलू नको."

तेव्हापासून आरोही अंथरुणावर आहे. डॉक्टरांना काही सापडत नाही. आता ती मानही वळवत नाही.

राकेश रोज फडक्यानं तो शब्द पुसतो. फडकं रंगानं भरतं. शब्द तिथंच असतो.

चित्र अजून सुकलेलं नाही.

‘कालकथित’ अजून पुसला गेलेला नाही.