वैदेहीचा साडीतला फोटो

मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांचे चारही बाजूंनी फोटो काढण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. मेहुणीचा एक फोटो काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं.

वैदेहीचं आणि सावनेरच्या प्रीतमचं आपसांत केव्हाच जमलं होतं. पण त्याच्या आईनं, कौसल्याबाईंनी, अट घातली. आधी रीतसर बायोडेटा आणि साडीतला फोटो पाठवा. पसंत पडला तरच पुढचं बोलू. वैदेही दोन दिवस धड जेवली नव्हती. ती स्टुडिओत जाऊ म्हणत होती. मीच छाती फुगवून म्हणालो, घरीच स्टुडिओ उभारतो.

धरमपेठेतल्या आमच्या हॉलमध्ये रंगाच्या दोन बादल्यांत वाळू भरून पीव्हीसी पाइप रोवले, वर पडद्याची दांडी आडवी टाकली. तिच्यावर इतवारीतून किलोच्या भावानं आणलेलं करडं कापड, कपडे वाळवायच्या चिमट्यांनी ताणून. उजेड परतवायला फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. टेपनं मोजून बरोबर मधोमध खडूची फुली मारली आणि फुलीवर स्टूल ठेवलं.

पहिल्या फोटोत वैदेही पार डाव्या टोकाला आली.

"जरा मधात सरक."

"मधातच आहे ना भाऊजी. फुली पाहा."

खरंच होतं. ट्रायपॉड हलवला, लेन्स बदलली, शेवटी मोबाइलनं काढला. अकरा फोटो झाले, अकराही तसेच. डावीकडे वैदेही आणि उजवीकडे एक माणूस मावेल एवढं रिकामं कापड.

"मी काय ठोकलेली गाडी आहे काय?" वैदेही वैतागली.

माझी बायको नूपुर चहा घेऊन आली. तिला स्टुलावर बसवून पाहिलं, तर तीही डाव्या टोकाला. फोटो पाहून ती म्हणाली, "मी जागा सोडून काहून बसली? आणि कोणासाठी?"

तेवढ्यात मला चुण्या दिसल्या. कापडाच्या उजव्या बाजूला, कुणी पाठ टेकून बसावं तितक्या उंचीवर. नूपुरनं तिथंच इस्त्री फिरवली. चहा पिऊन होईपर्यंत चुण्या परत आल्या.

"सुती कापड आहे, चुरगळणारच," मी म्हणालो. माझा मलाच तो खुलासा पटला नाही.

रिकामी बाजू कापून टाकावी म्हणत होतो, पण वैदेहीला दम कुठला! तिनं माझ्या हातातून मोबाइल ओढून फोटो तसाच पाठवून दिला.

दहा मिनिटांत कौसल्याबाईंचा फोन.

"पोरगी पसंत आहे जी आम्हाले."

मी अंगठा वर केला. वैदेहीनं नूपुरला मिठी मारली आणि प्रीतमला सांगायला स्वतःचा मोबाइल घेऊन खिडकीशी धावली. मला भरून आलं.

"एक सांगा भाऊ," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिच्या बाजूले ते पिवळ्या साडीतली कोण होय?"

पिवळी साडी वैदेहीची होती.

"तीच तर वैदेही," मी म्हणालो.

"काय मजाक करता! वैदेही तर कवाची प्रीतमसंग फोनवर बोलून राहिली. पोरगा कसा हसून राहिला, ऐका. गोड आवाज आहे बाई तिचा."

मी ऐकलं. तिकडे कुणीतरी खरंच हसत होतं.



खिडकीशी वैदेहीनं तिसऱ्यांदा नंबर लावला.

"भाऊजी," ती लाजत म्हणाली, "याचा फोन बिझीच येऊन राहिला."