पायथ्याचा पाहुणा

हेडनर्स दुर्गाबाई रामटेके यांच्या आयसीयूबद्दल गोंदियात कुणालाही विचारा. फरशीवर भात वाढून खावा, असं लोक सांगतील. मोठे डॉक्टर कटरेसुद्धा दारात चपला काढत आणि आत पाय ठेवायच्या आधी आवाज येई, "साहेब, हात!" साहेब निमूटपणे मागे फिरून हात धुऊन येत. बाईंना गर्व होता, आणि का नसावा? "माझ्या वॉर्डात जखम सडत नाही," असं त्या छातीवर हात ठेवून सांगत. ते खरंही होतं.

एप्रिलच्या उन्हात सालेकशाकडून यादोराव आला. मोहफुलं वेचायला गेला होता, झाडाखाली अस्वलानं गाठलं. मांडी फाडली होती. गावात कुणी कुणी मिळेल ते इंजेक्शन टोचलं, मग इथे आणला. सोबत बायको, सावित्रीबाई. ती भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली तशी दुर्गाबाई तिच्यावरच खेकसल्या, "रडून काऊन राहिली वो? पायानं चालवत घरी धाडीन याले. माहा शब्द हाय."

शब्द देऊन बसल्या खऱ्या, पण टाके घातल्यावर जखम उलटली. ताप चढला तो उतरेना. मांडीतून हिरवट पू वाहायला लागला.

लॅबमध्ये त्या पुवातले जंतू काचेच्या बशीत उगवतात आणि त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती गोल मोकळी जागा राहते. डॉक्टर कटरेंनी यादोरावची बशी बाईंना दाखवली. धानाच्या बांधीसारखी काठोकाठ भरलेली होती. एकही टिकली मोकळी नाही. उलट टिकल्यांवरसुद्धा पीक चढलं होतं.

"हा जंतू जंगलातला नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "हा दवाखान्यातच पोसलेला आहे. औषधं पचवून पचवून मुरलाय."

"माझ्या वॉर्डात?" बाईंचा चेहरा लाल झाला. थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

त्यांनी पदर खोचला. भिंती, नळ, पडदे, खाट, सगळं स्वतःच्या देखरेखीत घासून घेतलं आणि जागोजागचे नमुने लॅबला पाठवले. सगळीकडे स्वच्छ. फक्त यादोरावच्या खाटेच्या पायथ्याची लोखंडी पट्टी तेवढी जंतूंनी भरलेली. बाईंनी खाट बदलली. नवी खाट डोळ्यांसमोर पुसून घेतली, जागाही बदलली. पुन्हा नमुना घेतला. उशाकडे काही नाही, कडेला काही नाही. पायथ्याला तोच जंतू.

कुणीतरी हात लावतंय, दुसरं काय! बाईंनी पायथ्याकडे फिरकायला सगळ्यांना बंदी केली.

दुपारी सलाईन बदलताना यादोरावनं डोळे उघडले. "सिस्टर, हा बाबू कोन होय?"

"कोन?"

"पायथ्याशी बसून हाय. कवाचा आला. कोनी पानी बी नाई इचारलं त्याले."

ताप माणसाला काहीही दाखवतो. बाईंनी कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि विषय संपवला. त्यांच्या बापानं अंगारे-धुपारे घरातून कधीच हद्दपार केले होते. त्या घरात वाढलेली बाई असल्या बोलण्यानं थोडीच हलणार!

पण वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला इंद्रकुमार होते, धान्याचे व्यापारी. छातीत कळ आली म्हणून आणलेले, आता ठणठणीत. ताप नाही, काही नाही. गोळ्या घेताना सहज म्हणाले, "सिस्टर, उस आदमी को पानी तो पिला दो. कब से बैठा है बेचारा."

"किस आदमी को?"

इंद्रकुमार बोट दाखवायला कोपरावर उठले. यादोरावच्या खाटेकडे त्यांनी पाहिलं. उचललेलं बोट हळूच खाली गेलं. मग चादर ओढून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

सावित्रीबाईला हे कुणी सांगायची गरज पडली नाही. ती पाण्याचा पितळी गडवा घेऊन दारातच उभी होती.

"बाई, आमच्यात पाहुना आला का पयले गडवाभर पानी देतेत, पाय धुवाले. पानी नाई भेटलं त तो बसूनच राह्यते, ना जेवते ना जाते. मले देऊ द्या."

"डोकं फिरलं का तुझं? हा आयसीयू हाय!"

"माह्या हातानं देऊ द्या. ज्याच्या हातचं पानी, त्याच्या घरचा पाहुना. नेईन मी माह्या घरी. माहा मानूस वाचला पायजे, बस."

बाईंनी तिला गडव्यासकट बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचं औषधही हरलं. वर त्यानंच मूत्रपिंडं बिघडवली, लघवी बंद झाली. डॉक्टर कटरे चष्मा पुसत म्हणाले, "पाय काढावा लागेल. काढूनही वाचेल असं नाही." दुर्गाबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पायानं चालवत धाडीन, असा शब्द दिला होता. त्यांना खरंच रडू येत होतं, आणि त्याचाच भयंकर राग येत होता.

त्या तरातरा बाहेर गेल्या आणि सावित्रीबाईच्या हातातून गडवा ओढून घेतला.

"मी देतो म्हनलं ना बाई, माह्या हातानं..."

"माझ्या वॉर्डात पाणी द्यायचं तर मी देईन. तुझा गडवा कोणत्या नळाचा, कुणाला माहीत!"

आणि खोटं कशाला बोला, बाईंनी तो गडवा आधी ऑपरेशनच्या अवजारांसोबत वाफेच्या यंत्रात घातला. जंतूला पाणी पाजायचं तेही निर्जंतुक भांड्यातून! उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरलं आणि हातमोजे चढवून तो खाटेच्या पायथ्याशी फरशीवर ठेवला.

"घ्या," बाई म्हणाल्या. आवाज थोडा चढाच होता.

एसीची घरघर चालू होती. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती.

काही झालं नाही.

त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं आणि पुन्हा खाली.

गडवा रिकामा होता.

फरशी ओली होती. अंगणात कुणी पाय धुतल्यावर असते तशी, दोन पावलांपुरती जागा कोरडी ठेवून.

बाईंनी स्वतःच्या हातानं ते पुसलं. कुणाला हाक मारली नाही.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला, लघवीही सुरू झाली. दोन दिवसांनी नव्या बशीत साध्यातल्या साध्या औषधाच्या टिकलीभोवतीसुद्धा रुपयाएवढं मोकळं रिंगण पडलं होतं. डॉक्टर कटरे बशी फिरवून फिरवून बघत राहिले. "सिस्टर, केलं काय तुम्ही?"

"हात धुतले," दुर्गाबाई म्हणाल्या.

पाय राहिला. यादोराव काठी टेकत, पण स्वतःच्या पायानं चालत बाहेर पडला, आणि अख्खा स्टाफ टाळ्या वाजवत दारात उभा होता. बाईंची मान अशी ताठ, की बघत राहावं. सावित्रीबाईनं वाकून त्यांना नमस्कार केला. मग जराशी बाजूला सरकली आणि बाईंच्या खांद्यामागे पाहत, डोक्यावरचा पदर सावरून, तिनं पुन्हा एकदा हात जोडले. तेव्हा बाई एवढ्या आनंदात होत्या की त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी बिरसीहून घरचा फोन आला. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आचल मोकळी झाली होती. मुलगी! दुर्गाबाई जिना उतरतानाच पेढ्यांचा हिशोब करत होत्या. स्कूटी काढली, बसल्या, चालू केली.

मागची सीट खाली दबली.

भर उन्हात त्यांच्या पाठीला ओला गारवा लागला. जखमेचा तो ओळखीचा गोडसर वास आला.

बाई हलल्या नाहीत. सावित्रीबाईचं बोलणं त्यांना आत्ता कळलं: ज्याच्या हातचं पाणी, त्याच्या घरचा पाहुणा. घरी ओली बाळंतीण. बाळाची नाळ आजच कापलेली. नात बघायला जीव तुटत होता.

मग त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. खाली उतरल्या. गाडी स्टँडवर लावली. पदर नीट केला.

"चला," त्या मागे न बघता म्हणाल्या. "वर चला."

दुर्गाबाई तेव्हापासून दवाखान्यातच राहतात, ड्युटीरूममध्ये. नात आता रांगते. बाई तिला मोबाईलवर बघतात, बोबडं बोलतात, आणि आचलनं येते म्हटलं की तोडून टाकतात, "पाय ठेवायचा नाही इथे." लेक रुसली आहे. पण वॉर्ड! बालाघाट, राजनांदगावपासून पेशंट येतात. एकाचीही जखम चिघळत नाही, पायथ्याच्या पट्ट्या आरशासारख्या स्वच्छ. माणसानं सेवा करावी तर अशी, असं डॉक्टर कटरे भाषणात सांगतात, आणि बाई पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकतात. शेजारची खुर्ची त्या कुणाला देत नाहीत.

कॅन्टीनचा रामलाल दुपारी ड्युटीरूममध्ये एक चहा नेतो. बाईंची ताकीद असते, दूध चांगलं घाल, साखर जास्त घाल, पाहुणचारात कमी नको. थोड्या वेळानं तो रिकामा कप घेऊन येतो आणि इतर कपांत न मिसळता वेगळा धुतो. दुर्गाबाई चहा पीत नाहीत. कधीच प्यायल्या नाहीत.