तक्रारीची खिडकी

"गादीत ढेकूण झालेत, आणि बायको म्हणते ते माझ्याच अंगातून आले," खिडकीच्या गजाला नाक लावून शिंपी पुटपुटला.

"झालं? आता जीभ वर करा," सिस्टर म्हणाली. "चला, पुढचा."

व्यसनमुक्ती केंद्राच्या या खिडकीचा नियम साधा होता. लाल, गोड औषध सिस्टरसमोर प्यायचं, वर ग्लासभर पाणी प्यायचं आणि मग एक तक्रार करायची, मोठ्यांदा. औषध गालात धरून बाहेर नेऊन विकणारे असतात, आणि तोंड भरलेल्या माणसाला कुरकुर करता येत नाही. नियम डॉक्टरबाईंनी काढलेला. इथे येणाऱ्यांना जन्मात कुणी तक्रार विचारली नव्हती, त्यामुळे तो लगेच रुळला.

पाण्याचे ग्लास मावशी विसळायची. तिचा मुलगा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, याच रांगेत उभा राहायचा. महिन्यापूर्वी तो बाजारातली गर्दची पुडी घेऊन मेला. तरी मावशी येतच राहिली. दयेपोटी नव्हे, रागापोटी.

"बघा माझ्याकडे," ती प्रत्येकाच्या हातात ग्लास देताना म्हणायची. "वर्षभर मला म्हणाला, आई, सुटलो. आणि घसरला. फसवून गेला मेला. त्याचे ब्रश मी चुलीत घातले."

सिस्टर नळाकडे बघायची.

शिंप्यामागचा माणूस पुढे सरकला, तेवढ्यात औषधांच्या खोलीतून धप्पकन आवाज आला.

सिस्टर धावली. कंपाउंडर फरशीवर आडवा होता, ओठ निळे, छाती जेमतेम हलत होती. "डॉक्टर! कंपाउंडर पडले!" ती ओरडली आणि साखरेच्या डब्याकडे वळली. कंपाउंडरला मधुमेह होता. साखर उतरली की तो घामाघूम होऊन पडायचा, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरबाई आल्या. सिस्टरला बाजूला सारून त्यांनी कंपाउंडरच्या दंडात सुई खुपसली. थोड्या वेळाने त्याने खोल श्वास घेतला, बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा.

त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथून निरोप आला. साखरेचा काही संबंध नाही. रक्तात केंद्राचंच औषध आहे, आणि भरपूर आहे.

*

फौजदार आले तेव्हा फाटकाबाहेर गर्दी जमली होती. गर्दीचा निकालही लागलेला होता.

"गर्दुल्ल्यांनीच केलं असणार," इस्त्रीचे कपडे घातलेला एकजण म्हणाला. "आम्ही केव्हाचे सांगतोय, हे इथून हलवा."

नगरपालिकेचा अधिकारी कुलूप घेऊनच आला होता. म्हणाला, "यांच्यातल्या कुणी केलं असेल, तर संध्याकाळी हे लावतो. उद्या औषध नाही."

शिंपी हे ऐकून भिंतीला टेकला. उद्या औषध नाही म्हणजे परवा काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फौजदारांना पित्ताचा त्रास होता आणि घाईचा तिटकारा. त्यांनी कुलूपवाल्याला बाकावर बसवलं आणि औषधांच्या खोलीत गेले.

कंपाउंडरच्या पिशवीत सरबताच्या दोन सारख्या बाटल्या होत्या, लाल. एकीच्या गळ्याला रबरबँड होतं आणि ती अर्धी रिकामी होती. दुसरी गळ्यापर्यंत भरलेली.

"दोन कशाला?" त्यांनी सिस्टरला विचारलं.

"साखर उतरली तर प्यायला. कायम जवळ असायच्या. रबरबँडवालीच प्यायचे. दुसरी घरी न्यायचे."

"घरचे सरबतावरच जगतात का?"

सिस्टरने खांदे उडवले.

"आज केव्हा प्यायले?"

"पिशवी इथे ठेवून चहाला गेले होते, परत आल्यावर. घाम फुटला होता. घटाघटा प्यायले. मग खुर्चीत डुलक्या घेत बसले. नेहमीचंच म्हणून मी लक्ष दिलं नाही."

"या खोलीत आणखी कोण येतं?"

"किल्ली आम्हा तिघांकडे. डॉक्टर, ते आणि मी." तिचा आवाज चिरका झाला. "साहेब, मी नाही हं."

"मी कुठे म्हटलं? मावशी?"

"तिला आत यायची परवानगी नाही. ती नळापाशी."

बाटल्या आणि फळीवरचा औषधाचा मोठा डबा तपासणीला गेला. फौजदार बाहेर येऊन शिंप्याशेजारी बसले.

"तुमची आजची तक्रार काय होती?"

शिंपी गोंधळला. "ढेकूण, साहेब."

"कालची?"

"सासरा. त्याआधी चष्मा."

"आणि महिन्यापूर्वी?"

शिंप्याने बोटं चोळली. मग हळूच म्हणाला, "हाडं. रात्रभर हाडं ठणकायची. झोप नाही. कात्री हातात धरवेना."

"तुमचीच?"

"सगळ्यांची. रांगेत तेच चालायचं. कुणाचे पाय, कुणाची पाठ."

"आणि ते खिडकीत सांगितलं नाही?"

"रोज सांगितलं!" शिंपी चिडला. "सांगायचंच असतं ना तिथे."

फौजदारांनी सिस्टरकडे पाहिलं. ती पदराच्या पिनेशी खेळत होती.

"साहेब, तक्रार करणं हा नियम आहे," ती म्हणाली. "ती ऐकायची असं कुठे होतं? तोंड रिकामं आहे एवढंच आम्ही बघायचो."

फौजदार उठले. मग नळापाशी गेले.

"मावशी, तुमचा मुलगा खिडकीत काय तक्रार करायचा?"

मावशीने ग्लास आपटला. "त्याचं काय काढता? शेवटी शेवटी एकच रडगाणं. म्हणे औषध नुसतं गोड लागतंय. सिस्टर म्हणाली, बाळा, चमच्याने भरवू का? सगळे हसले. मीसुद्धा हसले." तिने पुन्हा ग्लास उचलला. "ढोंगी. पुडी आणायला कारण हवं होतं त्याला."

"कंपाउंडरवर तुमचा राग?"

"त्याच्यावर कशाला? माझा राग माझ्या पोटच्या गोळ्यावर. तो सुटला मरून. नाहीतर दाखवला असता इंगा."

*

दुपार टळता टळता तपासणीचा निकाल आला. फौजदारांनी तो वाचून घडी घातली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. सिस्टरला आणि कुलूपवाल्यालाही आत बोलावलं. दार मात्र उघडंच राहिलं, कारण त्या दाराला खाली एक वीट अडकवलेली होती.

"ही वीट नेहमी असते?" त्यांनी विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर दार लावूनच बसतात. आज सकाळीच..." आणि थांबली.

डॉक्टरबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"आधी तुमचं कुलूप," फौजदार अधिकाऱ्याला म्हणाले. "ते खिशात ठेवा. रांगेतल्या कुणाचा यात हात नाही. चोर इस्पितळात आहे."

"चोर? त्याच्यावर तर..."

"फळीवरच्या डब्यात औषध नावाला आहे, बाकी साखरेचा पाक. नवा डबा आला की कंपाउंडर त्यातलं अस्सल औषध सरबताच्या बाटल्यांत काढून ठेवायचा, रोज एक घरी न्यायचा, म्हणजे विकायचा, आणि डब्यात तेवढंच सरबत ओतायचा. रंग तोच, गोडी तीच. मधुमेहाचं निमित्त असल्यावर बाटली कोण हुंगणार? एक प्यायची, एक चोरीची. चुकू नये म्हणून प्यायच्या बाटलीला रबरबँड. आज रबरबँडवाल्या बाटलीत औषध निघालं, आणि दुसरीत निव्वळ सरबत."

सिस्टर पुटपुटली, "म्हणजे..."

"म्हणजे त्याला कुणी काही पाजलं नाही. तो चहाला गेला तेव्हा कुणीतरी फक्त रबरबँड एका गळ्यातून काढून दुसऱ्या गळ्यात घातलं. तो स्वतःचीच चोरी प्यायला."

फौजदारांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

"आता हे कुणी केलं? ज्याला चोरी कळली होती त्याने. ती कुणाला कळली होती? मला शिंप्याच्या ढेकणांनी सांगितलं. हाडं ठणकणारा माणूस ढेकणांची तक्रार करत नाही. डबा अजून पाकाचा, आणि माणसं मात्र बरी झोपताहेत. मग खिडकीत औषध येतं कुठून? सिस्टर?"

"गेला आठवडाभर डॉक्टरच भांडं भरून देतात," सिस्टर अडखळत म्हणाली. "त्यांच्या कपाटातून. म्हणाल्या, वरून नवा आदेश आलाय."

"मी वर विचारलं. असा आदेश नाही." फौजदार डॉक्टरबाईंकडे वळले. "आणि सकाळी मधुमेही माणूस पडला म्हणून सिस्टर साखर घ्यायला धावली. तुम्ही त्याचे डोळे पाहिले नाहीत, साखर तपासली नाही. तुम्ही उताऱ्याचं इंजेक्शन भरूनच आलात. ते सकाळपासून खिशात होतं. इथे बसून औषधांच्या खोलीवर नजर राहावी म्हणून वीट होती."

डॉक्टरबाईंनी वीट पाहिली, जणू पहिल्यांदाच.

"तो जगला," त्या म्हणाल्या.

"तुमची सुई वाकडी गेली असती तर?"

"मग दोघे मेले असते. एक त्याच्यामुळे, एक माझ्यामुळे." आवाज तसाच, सपाट. "मला त्याला मारायचं नव्हतं, साहेब. मारणं फार लवकर संपतं. पेंटर गेला तिथपर्यंत त्याला न्यायचं होतं, अगदी उंबऱ्यापर्यंत. आणि ओढून आणायचं होतं. आता रात्री पाठ टेकली की तो श्वास मोजेल. मोजू दे. आयुष्यभर मोजू दे."

"पोलिसांत यायचं होतं."

"आणि हे?" त्यांनी अधिकाऱ्याच्या खिशाकडे बोट केलं. "केंद्रातच औषध चोरलं जातं म्हटल्यावर तुम्ही कंपाउंडरला बेड्या घातल्या असत्या आणि यांनी दाराला. रांगेतली माणसं कुठे गेली असती? पेंटर गेला तिथेच. म्हणून नवं औषध मागवलं, कपाटात ठेवलं, आणि कंपाउंडरचा हिशेब मीच चुकता करायचा ठरवला."

अधिकारी जमिनीकडे बघत होता.

"तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल," फौजदार म्हणाले, पूर्वीपेक्षा हळू. "तो बरा झाला की त्यालाही. इस्पितळातून दुसरे डॉक्टर उद्या सकाळी येताहेत. औषध तुमच्या कपाटातलं. खिडकी उघडेल."

डॉक्टरबाई उठल्या. सिस्टर रडायला लागली, तशीच उभी, हात खाली सोडून.

दारात मावशी होती. हातात धुतलेल्या ग्लासांचा ट्रे. ती केव्हापासून उभी होती कुणाला कळलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "तो डब्यात सरबत ओतायचा म्हणता. कधीपासून?"

सिस्टरने तोंड फिरवलं. अधिकाऱ्याला अचानक खिसा चाचपायचं सुचलं. फौजदारसुद्धा टोपी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

"मी काय विचारते? माझा मुलगा म्हणायचा नुसतं गोड लागतंय. तेव्हा पण?"

"मावशी, बसा जरा," फौजदार म्हणाले.

"मला बसायचं नाही. तुम्हीच आला होतात ना बाई माझ्या घरी? तुम्हीच म्हणालात, वाईट वाटून घेऊ नका, असं होतं, माणूस घसरतो. मी लोकांना तेच सांगत फिरले. त्याचे ब्रश जाळले मी."

डॉक्टरबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"मी खोटं बोलले, मावशी. तेव्हा माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही बोलले नाही. तुमचा मुलगा घसरला नव्हता. तो रोज वेळेवर आला, रोज खरं सांगितलं, आणि आम्ही त्याला रोज सरबत पाजून परत पाठवला. त्याला आम्ही मारलं."