न फुगणाऱ्या टिकल्या

सौंसरच्या बाजारातील त्या लहानशा जनरल स्टोअर्समध्ये सुचिता शिरली, तेव्हा तिच्या हातात स्केचपेन होते आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीचे विज्ञान प्रदर्शन. पांढुर्ण्याच्या एका मुलींच्या शाळेत ती अतिथी, म्हणजे तात्पुरती नेमलेली, शिक्षिका होती. बोरगावच्या घरून शाळेत जाता-येता सौंसरला बस बदलावी लागे. बस यायला अवकाश होता, आणि प्रदर्शनासाठी आणलेला फुगा फुगवताच फुटला होता.

“भाऊ, जाड रबराचा फुगा दाखवा बरं.”

बांगड्यांच्या खोक्यांमागून एका तरुणाने मान वर केली. “कोनाचा वाढदिवस हाय, मॅडम?”

“विश्वाचा,” सुचिता म्हणाली, आणि स्वतःच्याच चुरचुरीत उत्तराने ओशाळली.

तरुण हसला नाही. “मंग मोठाच लागन,” म्हणत त्याने खालच्या खणातला फुगा काढून दिला.

तिने तिथेच फुग्यावर सहा ठिपके काढले. मुलींना सांगायचे वाक्य पुटपुटत फुगवू लागली—ठिपके म्हणजे दीर्घिका, ताऱ्यांची अफाट गावे. विश्व पसरते तशी ती एकमेकींपासून दूर जातात…

“पन मॅडम,” तो काउंटरवर वाकून पाहत होता, “ठिपके बी फुगून राहिले न जी. मंग आपन बी फुगून राहिलो का?”

सुचिताने पाहिले. मोहरीएवढे ठिपके चिंचोक्याएवढे झाले होते. चार वर्षे ती असाच फुगा फुगवून दाखवत आली होती. आजवर कुणी हे विचारले नव्हते. तिलाही सुचले नव्हते.

“नाही… चुकलंच हे. गुरुत्वाकर्षण दीर्घिकेला आतून बांधून ठेवते. ती फुगत नाही. मधली जागा तेवढी वाढते.”

त्याने क्षणभर विचार केला आणि टिकल्यांचे एक पाकीट तिच्यासमोर ठेवले. “मंग हे चिपकवा. टिकली फुगत नाई.”

नव्या फुग्यावर सहा लाल टिकल्या लागल्या. फुगा वाढत गेला; टिकल्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि त्यांच्यातले अंतर तेवढे वाढले. सुचिता आनंदाने हसली, मान वर केली—आणि थबकली. तो फुग्याकडे पाहतच नव्हता.

“तुमच्या कपाळाची बी तेच नंबरची दिसते,” तो म्हणाला, आणि लगेच बांगड्या लावण्यात गुंतला.

त्याचे नाव रोशन, हे तिला तिसऱ्या भेटीत कळले. प्रदर्शनात परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि मुलींनी न अडखळता उत्तर दिले, हे सांगायला ती गेली होती. नंतर सांगण्यासारखे काही नसतानाही जाऊ लागली. तिच्या तोंडचा ‘भाऊ’ हा शब्द कधी गळून पडला, हे दोघांपैकी कुणीच बोलले नाही. रोशनची आई इंदूबाई मात्र एक दिवस आतून म्हणाली, “हे मॅडम रोज टिकल्या नेऊन राहिली. किती कपाळं हाय रे तिले?”

रोशन बस येईपर्यंत प्रश्न विचारी.

“एवढी ओढ हाय, तर पसरनं थांबत काऊन नाई?”

“पहिले ओढीनं वेग कमीच होऊन राहिला होता,” ती सांगे. दुकानात आली की तिची शाळेतली भाषा आपोआप उतरत असे. “पण जागा वाढत गेली, त्यातला पदार्थ विरळ झाला, ओढ कमी पडली. पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी ढकलणारा जोर वरचढ झाला. त्याले डार्क एनर्जी म्हणते.”

“म्हंजे काय हाय ते?”

“माहीत नाही. कोणालेच.”

“मॅडमले बी?”

“मॅडमले बी.”

तो समाधानाने मान हलवी, जणू हेच उत्तर त्याला हवे होते. तशी मान हलवलेली पाहण्यासाठी सुचिता दुसऱ्या दिवशीचा विषय मनात ठरवून ठेवू लागली.

दिवाळीनंतर तिच्या कायम नोकरीचा आदेश आला. शाळा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंगरौलीकडे. पंधरा दिवसांत रुजू व्हायचे होते. वडील गुणवंता समाधानाने म्हणाले, “नोकरीचं झालं. आता मी स्थळं पायतो.” सुचिताला त्या रात्री स्पष्ट कळले, की जाण्याआधी रोशन काही बोलला नाही तर आपण दुसऱ्या कुणाला तरी हो म्हणून बसू. आणि ते ‘हो’ आयुष्यभर खोटे राहील.

तिने आदेश दाखवला. रोशनने तो दोनदा वाचला.

“अच्छी गोष्ट हाय, मॅडम.”

“एवढंच?”

तो काउंटरची काच पुसू लागला. “तुमीच सांगतलं न… जे लय दूर हाय, ते अजून जोरानं दूर जाते.”

“अर्धंच ऐकलं तुम्ही!” तिचा आवाज चढला, बांगड्या पाहणाऱ्या दोन बायका वळल्या. तिने तो आवरला. “देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर हाय. तरी आपल्याकडंच येऊन राहिली. नुसतं अंतर पाहून नाही ठरत. ओढ किती हाय, तेही पाहा लागते.”

बायका निघून गेल्या. तो काच पुसतच राहिला. ती पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली.

“थांबा न जी!” रोशन धावत मागून आला, हातात काच पुसायचे फडके तसेच होते. “म्या काल मोबाइलवर वाचलं… ढकलाचा जोर कमी होऊन राहिला असंल म्हने.”

“ते अजून पक्कं नाही. मोजून राहिले शास्त्रज्ञ.”

“माहं पक्कं हाय.”

ती थांबली. तो मात्र आता थांबेना. “दुकान आई पाहून घेते. महिन्यात एक खेप तिकडं येईन. मंग बदलीचं पाहू, नाई तर दुकान तिकडं टाकू… मले टाइम लागते बोलाले. तुमी हो म्हनसान, तर घरी येतो.”

“रविवारी या,” सुचिता म्हणाली.

बसमध्ये बसताच तिने फोन लावला. “बाबा, रविवारी घरीच राहा. सौंसरचा एक जण भेटाले येऊन राहिला. मी बोलावलं त्याले.”

“काय करते?” गुणवंतांनी विचारले.

“दुकान हाय. प्रश्न लय चांगले विचारते.”

“आन् उत्तरं? ते येतात का त्याले?”

सुचिताने खिडकीबाहेर पाहिले. स्टँडवर तो अजून उभा होता.

“उशिरा येतात, बाबा,” ती म्हणाली. “पण येतात.”