तीन ठोके

टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बिघडला की मी काम थांबवतो, म्हणून तुम्ही पोरं माझ्या पाठीमागे मला भित्रा म्हणता. म्हणा. पण हवेसाठी ऑक्सिजनच्या नळीकडे हात गेला, तर तो हात मोडीन. आधी बारक्याचं ऐका, मग माझी टिंगल करा.

बारक्या शेजारच्या शेडमधला वेल्डर. नाव बारक्या, अंगानं चांगला दांडगा. तो आणि त्याचा थोरला भाऊ डिझेल टँकरच्या टाक्या सांधायचे. एक आत, एक बाहेर. बाहेरच्यानं हातोडीचा एक ठोका दिला, म्हणजे तो विचारतोय, ‘आहेस ना?’ आतून दोन, म्हणजे ‘आहे.’ आणि तीन ठोके आले, तर हातातलं टाकून पळायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

एकदा थोरला आत होता. टाकी धुतलेली, वाफ दिलेली, सगळं चोख. नेमका ब्लोअर बंद पडला. “बारक्या, दम कोंडतोय रे!” थोरला आतून ओरडला. बारक्याचा जीव कळवळला. त्यानं सिलिंडरची ऑक्सिजनची नळी आत सोडली. श्वासाचीच तर हवा, वाईट काय होणार?

एक ठिणगी पडली आणि थोरला उभा पेटला. कोंडलेल्या जागेत ऑक्सिजन भरला की कपडे, केस, कातडी, काहीच विझत नाही. आत तो मुठी आपटत होता. मग मुठीही थांबल्या. बारक्यानं त्याला बाहेर ओढलं, तेव्हा हातमोज्याबरोबर हाताची कातडी निघून आली. थोरला तिथंच गेला.

“टाकीत डिझेल राहिलं असेल,” असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. नळीचं कुणालाच नाही. वहिनीलाही नाही.

वर्षभरानं तीच टाकी परत आली, चीर गेलेली. डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. मालकाला सकाळी गाडी हवी होती. बारक्यानं मेव्हण्याला बाहेर बसवलं. कामाला नवा, पण मायाळू माणूस.

“दाजी, बिनघोर जा. मी आहे.”

एक ठोका. आतून दोन. पुन्हा एक. पुन्हा दोन. मग ब्लोअर खोकला आणि गप्प झाला.

“दाजी, बाहेर येताय?”

“एवढा सांधा संपवतो.”

घाम डोळ्यांत उतरला. छातीत दम कोंडला. आणि मग... गार हवा आली. छान, मोकळी. बारक्याला बरं वाटलं. त्यानं नवा रॉड लावला. टेकवणार, तोच...

ठक.

ठक.

ठक.

बाहेरून नाही. मागून. टाकीचे दोन कप्पे करणाऱ्या आडव्या पत्र्यापलीकडच्या बंद कप्प्यातून.

बारक्यानं तोंडावरची काच वर केली. काळोख. कसलीशी फुसफुस. हवा कुठून येतेय, ते त्याला तेव्हा कळलं.

“नळी... नळी काढ!”

तो टाकीच्या तोंडाकडे झेपावला. रॉड हातातून सुटला. भडका. पाय पेटले. आणि खालून कुणीतरी ढकललं. वाचवणाऱ्यानं ढकलावं तसं नाही. रागानं. तोंडाच्या कडेवर आपटून खांद्याचं हाड कडकन मोडलं. मेव्हण्यानं त्याला वाळूत लोळवलं. पायांची कातडी वाळूतच राहिली.

“दाजी, मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल...” मेव्हणा हमसून रडत होता.

“तुझं नाही चुकलं,” बारक्या म्हणाला. “मी सांगायला हवं होतं. वर्षभर गप्प बसलो.”

दवाखान्यात त्यानं वहिनीला सगळं सांगितलं. ती उठून गेली.

सकाळी टँकरच्या मालकानं मला बोलावलं. मागच्या कप्प्याचं झाकण मी स्वतः पाना लावून उघडलं. बोल्ट गंजून घट्ट बसलेले, वर्षभर कुणाचा हात लागलेला नव्हता. आत कोरडं. कुणी नाही.

आडव्या पत्र्यावर मात्र हातोडीच्या तोंडाएवढे तीन पोचे होते. ओळीनं. फुगवटे बारक्याच्या बाजूला आलेले.

तेवढा पत्रा मी कापून आणला. तुमच्या पाठीमागे टांगलाय तोच.