सारवून ठेवलेलं घर

माझं काम देवी काढण्याचं. थंडी सरायच्या आत जव्हार संस्थानातले पाडे उरकायचे, पोरांच्या दंडावर नस्तराने ओरखडे काढून लस चोळायची, आठवड्याने परत जाऊन फोड धरला की नाही ते बघायचं. लोक मला ‘देवीवाले वामनराव’ म्हणत. ज्याने कळत्या वयापासून एकाही देवीला हात जोडले नाहीत त्याच्या वाट्याला हे नाव यावं, याचं मला फार हसू येई.

माझी बायको सुशीला मात्र हसत नसे. तिच्या देव्हाऱ्यात कुलदेवीचा चांदीचा टाक होता. त्याला रोज दूधपाणी, शुक्रवारी उपास. “तुमच्या वाटचंही मीच करते,” ती म्हणायची, “म्हणजे वर गेल्यावर विचारलं तर सांगायला बरं.”

दुसरीकडे शाळेचे मास्तर श्रीकृष्णपंत. ते मुंबईहून एका नव्या पंथाची दीक्षा घेऊन आले होते. जुने देव म्हणजे अडाणीपणा, असं ते सुशीलेला समजावत आणि संध्याकाळी तिपाईवर हात ठेवून आत्मे बोलावत. एकदा मी त्या बैठकीला बसलो. माझ्या गुडघ्याने तिपाई ठोकली, आत्म्याने पंतांच्या आजोबांचं नाव सांगितलं, पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी सर्वांना माझा गुडघा दाखवला. पंतांनी तिपाई उचलून कोपऱ्यात ठेवली. मला इतकंच म्हणाले, “वामनराव, तुमच्या आत काहीच नाही का हो?”

“हाडं आहेत,” मी म्हटलं. “थोडं मांस.”

फाल्गुनात वावर गावापर्यंतचे पाडे झाले. वांगणी राहिली होती. वावरच्या लोकांनी सांगितलं की वांगणीत रामी नावाच्या बाईने काही नवंच काढलं आहे. गावाने दारू सोडली, कोंबडं सोडलं, आणि वाघदेवाचा शेंदूर फासलेला लाकडी खांब उपटून दरीत ढकलून दिला. मला बरंच वाटलं. जुनं खूळ गेलं, नवं आलं. निदान नव्यात कोंबडी वाचली.

वांगणीच्या शिवेवर मोहाखाली एक म्हातारा बसला होता. खाली पडलेली फुलं वेचायचीही त्याने तसदी घेतली नव्हती. तो माघ्या, गावचा भगत. नव्या लोकांनी त्याला बाहेर काढलं होतं.

“आत जाऊ नको,” तो म्हणाला. तिकडे सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात.

“का? गावात देवी आलीय?”

“देवी नाय. वाघदेव नाय, हिरवादेव नाय. समद्यांना भायेर काढलाय. घर साफ केलाय.”

“कोणासाठी?”

“त्यांना तरी कठं ठावं.” तो माझ्याकडे बघत राहिला. “तुझ्यात कोन बसलाय?”

“कोणी नाही.”

“कोनी तरी असतो. आईचा असतो, बापाचा असतो.”

“माझ्यात नाही, बाबा. मी सगळे तपासून बघितले.”

त्याने पाय आखडून घेतले. मग मनगटावरचा काळा दोरा सोडून माझ्यापुढे धरला. “हा बांध. खोटा हाये म्हन, पन बांध.”

तो दोरा माझ्या मुठीत कोंबायला लागला. भीती खरी होती, आणि तिच्यावरच त्याचं पोट चाललं होतं, असा विचार मी केला. दोरा न घेता पुढे गेलो.

एरवी पाड्यात मी शिरलो की बायका पोरांना घेऊन रानात पळतात, नाहीतर कणगीत लपवतात. वांगणीत कोणी पळालं नाही. अंगणांत मोठी माणसं, पोरं, म्हातारी सगळी रांगेने बसली होती आणि प्रत्येकाने डावा दंड धुऊन पुढे केला होता. मी पिशवी उघडली. पहिल्या पोराच्या दंडावर नस्तर टेकवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, रडलं नाही. दुसरंही रडलं नाही. अंगावर पिणारी एक पोर होती, तीही नाही. ओरखड्यांतून रक्त दिसत होतं आणि सबंध पाड्यात माशांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मला तहान लागली. मान वर केली तर समोर तांब्या धरलेला. मग हात पुसायला फडकं हवं होतं, तेही आलं. इतकं समजूतदार गाव मी पाहिलं नाही, असं मनात आलं.

ऊन चढलं तेव्हा रामीने मला जेवायला बोलावलं. तिशीची, काटक बाई. पाड्याच्या मधोमध कारवीच्या कुडाचं एक घर होतं, नुकतंच शेणाने सारवलेलं. आत चूल नाही, कणगी नाही, देवाचा कोपरा नाही. दाराला झडपही नव्हती. जमिनीवर पाटाएवढा एक भाग उंच केलेला होता आणि माझी नागलीची भाकर त्याच्यासमोर ठेवली होती.

“घर कोणाचं?” मी विचारलं.

“कोनाचं नाय. येल त्याचं.”

“तुमचा नवा देव?”

“देव आमाला नको. लय झालं. ज्याला त्याला आधीच कोनी धरलेला. कुनाला वाघदेव, कुनाला मेलेली सासू.” ती दाराबाहेर उभी राहून बोलत होती, उंबरा ओलांडत नव्हती. “रिकामा मानूस मिळत नाय.”

मी जेवलो. बोलणं मजेचं होतं. पंतांना सांगायचं असं ठरवलं. भाकरीनंतर डोळा लागला.

जाग आली तेव्हा मी त्या उंच भागावर बसलेला होतो. झोपलो होतो खाली, पिशवीवर डोकं ठेवून. दारासमोर अंगणात सगळा पाडा बसला होता, तोंडं माझ्याकडे. उन्हात. कोणी डोक्यावर पदरही घेतला नव्हता.

आता निघावं, येतो म्हणून सांगावं, असं वाटलं. मी तोंड उघडलं.

“येतो मी,” अंगण म्हणालं.

सगळे एकदम. त्यांच्या बोलीत नव्हे. माझ्या बोलीत, ‘मी’ जरा लांबवून, जसा मी लांबवतो. माझे ओठ अजून उघडेच होते.

मी मूळचा घाबरणारा नाही. पाहुणा उठताना काय म्हणतो हे कोणालाही कळतं. तेव्हा मी असा शब्द धरला जो कळणार नाही. लहानपणी वडील मला ठोंब्या म्हणत. ते वारले त्याला जमाना झाला, आणि हे मी सुशीलेलाही सांगितलेलं नाही. तो शब्द उच्चारायच्या आत पुढच्या रांगेतलं, सकाळीच टोचलेलं पोर म्हणालं, “ठोंब्या.” वडील चिडून म्हणत तसंच, शेवटी आवाज खाली आणून.

झोपेत बडबडलो असेन. मी स्वतःला तसं सांगितलं. मग डोळे मिटले आणि मनातल्या मनात पावकीचा पाढा म्हणायला लागलो. अंगण पावकी म्हणू लागलं. ज्यांनी पाटी पाहिली नाही अशी माणसं, शाळेच्या ठेक्यात. सतरा पावकं सव्वाचार. एकोणीस पावकं पावणेपाच. मी भराभर पुढे गेलो.

“तेवीस पावकं साडेपाच,” ते म्हणाले.

हे चूक आहे, पावणेसहा हवं, असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी मी मनात म्हटलं, तेवीस पावकं साडेपाच.

चूक माझी नव्हती. ती आधी त्यांनी केली, मग मी.

मी पिशवी तिथेच टाकून बाहेर पडलो. कोणी अडवलं नाही. रांगा दुभंगल्या, वाट झाली. मी शिवेच्या दिशेने चालू लागलो. मागे पावलं वाजू लागली. माझा उजवा पाय किंचित ओढतो. मागची सगळी पावलं तशीच ओढत येत होती. मी थांबलो, ती थांबली.

मोहाखाली माघ्या नव्हता. उतारावरून दूर वाट दिसत होती, तिच्या टोकाला जव्हारचं पठार. घर आठवलं. चुलीपुढे वाकलेली पाठ आठवली.

“सुशीला,” मागून सगळ्यांनी हाक मारली. इतक्या मायेने मी तिला कधी हाक मारली नव्हती.

ही पावलं माझ्या दारापर्यंत येणार होती. ती आत आली तर सुशीला उठून त्यांना पाणी देणार होती.

मी परत फिरलो. निर्णय माझा होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

त्या घरात बसून मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. देव आठवले. आत कोणी तरी बसवायचं होतं, कोणीही चाललं असतं. कुलदेवीचा टाक डोळ्यांपुढे आणला. तो चांदीचा पत्राच राहिला. वाघदेवाचा खांब आणला, लाकूड राहिलं. पंतांचे आत्मे आणले आणि माझा गुडघा आठवला.

बाहेर अंगण प्रार्थना म्हणत होतं. शब्द बरोबर होते. आत काहीच उतरत नव्हतं.

“तूच बरा,” रामी दारातून म्हणाली. “लय वाट पायली.”

“मी देव नाही! देव नाहीच!” मी ओरडलो.

“देव नाहीच,” सगळ्यांनी आधीच म्हटलं होतं. आणि हात जोडले होते.

मग दिवस गेले. ते भाकर ठेवतात, मी खातो. मोहाची फुलं संपली. पोरांच्या दंडावरचे फोड वाळून खपल्या पडल्या. त्या बघाव्यात असं कोणी म्हणालं नाही, म्हणून मला वाटलंही नाही.

एका सकाळी श्रीकृष्णपंत आणि सुशीला आले. वावरपासून चालत. सुशीलेच्या पायांना फोड आले होते, पदराच्या गाठीत टाक बांधलेला होता.

“अहो,” ती उंबऱ्यापाशी म्हणाली. “चला घरी.”

मला ओरडायचं होतं, मला उचला, बांधून न्या. मी तोंड उघडलं. अंगण गप्प होतं. तोंड उघडं राहिलं, आत एकही शब्द नव्हता.

पंतांनी हाताला धरून ओढलं. मी जमिनीत पुरल्यासारखा हललो नाही. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. “वामनराव, ही थट्टा पुरे.”

पंतांच्या मागून रामी हळूच म्हणाली, “मी इथं बरा आहे. तुम्ही जा.”

“मी इथं बरा आहे,” मी म्हणालो. “तुम्ही जा.”

पंतांनी हात सोडला. त्यांनी एकदा रामीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दरबारातून शिपाई घेऊन येतो म्हणत जवळजवळ पळतच निघाले. सुशीला गेली नाही. तिने गाठ सोडून टाक उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. दिवसभर तिचे ओठ हलत होते. मी तिच्याकडे बघत होतो. ऊठ, पळ, असं मला वाटावं म्हणून मी धडपडत होतो. वाटत नव्हतं. दुपारी रामीने तिला पाणी दिलं. ती ते प्यायली आणि सावलीला म्हणून जरा मागे सरकली, बायकांच्या रांगेत.

शिपाई आले नाहीत. पुढल्या सकाळी टाक उंबऱ्यावर नव्हता. अंगण रोजच्यासारखं भरलं होतं. सुशीला पहिल्या रांगेत होती, केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. इतकी शांत मी तिला आमच्या घरी कधी पाहिली नव्हती.

“भूक लागलीय,” ती म्हणाली.

आणि मला भूक लागली.