दोघांचा माग

अगं पोरींनो, हसू नका, आधी पूर्ण ऐका तरी!

झालं असं, की मी सुताच्या दुकानात गेले. मला हव्या त्या हिरव्या रंगाची एकच लडी उरली होती. मी तिला हात घातला आणि नेमका पलीकडून अजून एक हात! मी ओढली. त्यानंही ओढली. झाला गुंता.

दुकानदारकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता सोडवा दोघं मिळून. गुंतवलेला माल मी परत घेत नाही."

मग काय... तो दोन्ही हात पुढे करून उभा, लडी त्याच्या मनगटांवर, आणि मी मान खाली घालून धागा सोडवतेय. पण मान कितीही खाली घातली तरी दिसतं ना गं थोडंफार! पापण्या केवढ्या त्या. मुलाला कशाला हव्यात एवढ्या?

"मला शालीला हवं होतं," तो म्हणाला. "शेवटची शाल. मग माग विकतोय. एक तारखेपासून चुलतभावाच्या कुरिअरमध्ये. पगार तरी वेळेवर मिळेल. तुम्हाला कशाला?"

"पलंगपोसाला. रुंद मागावरचा."

"रुंद मागाला तर दोघं लागतात. जोडीला कोण?"

"बाबा होते. त्यांचा खांदा धरलाय."

"मग ऑर्डर कशी घेतलीत?"

"ऑर्डर आधी घेतली... खांदा नंतर धरला!"

तो असा हसला की लडी मनगटावरून घसरली. पुन्हा गुंता. काकांनी कपाळाला हात लावला.

मला मात्र हसू येत नव्हतं. हे काम वेळेत गेलं नाही, तर पुढची सगळी कामं यंत्रमागवाल्याला जाणार होती. आणि मग रुंद माग घरात ठेवायचा कशाला? बाबा तो मोडून विकायच्या गोष्टी करायला लागले होते. म्हणून हिय्या करून विचारलंच, "एक तारखेपर्यंत याल?"

आला की! हिरव्या लडीसकट. तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं हिरवा.

रुंद माग म्हणजे एका बाकावर दोघं शेजारी शेजारी. मी उजवीकडून आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा, त्यानं डावीकडे झेलायचा, मग दोघांनी फणी एकदम ओढून ठोका द्यायचा. पहिल्याच दिवशी धोटा दोनदा जमिनीवर, एकदा त्याच्या गुडघ्यावर.

"फेकताय की मारताय?"

"झेलता येत नसेल तर तसं सांगा!"

पण जमत गेलं. इतकं, की बघायचीही गरज उरली नाही... म्हणजे धोट्याकडे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस. काम जवळजवळ उरकलेलं. बाबा हात गळ्यात बांधलेला घेऊन आले आणि विणलेल्या कापडावरून अंगठा फिरवायला लागले.

"इथे तुमचं भांडण झालं होतं. केवढा घट्ट ठोका! इथे मिटलं. इथे छान, एका हातचं वाटतंय..." आणि शेवटच्या वीतभर कापडावर अंगठा थांबला. "हे काय? सगळं विरळ. इथे कोणाचं लक्ष होतं?"

मी छताकडे बघितलं. हिरव्यानं जमिनीकडे.

"उसवा आणि परत विणा," असं म्हणून बाबा आत निघून गेले.

उद्या एक तारीख! "तू जा," मी म्हटलं. "नोकरी आहे तुझी. मी करीन एकटी."

"एकटी? धोटा फेकणार आणि पळत जाऊन स्वतःच झेलणार?"

मी तोंड फिरवलं. डोळे भरले होते ना मेले! आम्ही उसवायला बसलो. एकेक धागा... तो सावकाश काढत होता. फारच सावकाश.

"हे उसवायला जिवावर येतंय," तो म्हणाला.

"लक्ष दिलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"लक्ष होतंच की. कापडाकडे नव्हतं, एवढंच."

...बघा! असं बोलतात का माणसं? कानापर्यंत तापले मी.

"भावाला सकाळीच सांगितलंय," तो हळूच म्हणाला, "येत नाही म्हणून."

"वेडा आहेस का? बांधलेला पगार सोडून? हे बघ, माझ्यासाठी म्हणून राहू नकोस. उद्या काम नसलं की मलाच बोल लावशील. मागासाठी राहणार असशील तर राहा."

"शाल विणताना एकटाच होतो गं. शेवटची म्हणून विणत होतो, कसंबसं. इथे येऊन हात पुन्हा चालायला लागला. काम मी आणीन, दारोदार फिरून आणीन. मागासाठीच राहतोय..." थांबला. पापण्या वर. "आणि दोन्हींसाठी असेल तर — चालेल?"

मी मान हलवली. नुसती हलवली गं! त्यानं धाग्यासकट माझी बोटं धरली... आणि सगळं कसं शांत, शांत.

आतून बाबांचा आवाज आला, "काय रे, आवाज का नाही मागाचा?"

आम्ही दोघं एकदम, "सूत तुटलं!"

"हो का? सावकाश जोडा मग," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आतलं दार लोटून घेतलं.